जुन्या जीपच्या बोनेटखाली काय असावं?

"जुनी फोर बाय फोर जीप घ्यायची म्हणतोय. डिझेल बघू की पेट्रोल?"

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर सोबत घेऊनच येतो. 'डिझेलला ताकद जास्त' असं त्याने कुठल्यातरी गॅरेजात ऐकलेलं असतं आणि त्याला फक्त आपला होकार हवा असतो. या प्रकरणात मीही डिझेलच्याच बाजूने बोलणार आहे, पण त्या कारणासाठी नाही. जुन्या जीपमधल्या डिझेल इंजिनाचा मोठेपणा ताकदीत नाही. तो त्याच्या सावकाश, न अडखळता चालत राहण्यात आहे. तो कुठून येतो हे एकदा समजलं की डिझेल कोणी घ्यावं आणि कोणी घेऊ नये, हे ठरवणं फारसं अवघड राहत नाही.

१. जीप जन्माने पेट्रोलची

दुसऱ्या महायुद्धात गाजलेली विलीज जीप पेट्रोलवर चालायची. २.२ लिटरचं इंजिन, ६० अश्वशक्ती. महिंद्रने १९४९ साली मुंबईत माझगावला हिच्याच नागरी भावंडांची जुळणी सुरू केली. १९५३ साली अमेरिकेत विलीजने जीपमध्ये थोडं सुधारलेलं इंजिन बसवलं. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बोनेटही उंच करावं लागलं. जुन्या जीपच्या बाजारात 'लो बोनेट' आणि 'हाय बोनेट' असे दोन शब्द ऐकू येतात, त्यामागे हा बदल आहे. इंजिन बदललं की गाडीचा चेहरासुद्धा बदलतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

हाय बोनेट जीप आपल्याकडे पुढची अनेक वर्षं बनत राहिली. मग १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झालं आणि जगात कच्चं तेल काही महिन्यांत जवळपास चौपट महागलं. आपल्याकडे डिझेलवर शेती, एसटी आणि मालवाहतूक अवलंबून, म्हणून त्याचा भाव सरकारने पेट्रोलच्या मानाने खालीच ठेवला. खेड्यापाड्यात धावणाऱ्या जीपला पेट्रोल परवडेना. महिंद्रने आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल डिझेल इंजिन वापरलं, आणि पुढे १९८०च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं. नावातच त्याची कुंडली आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण आकार २,११२ सीसी. आज जुनी 'एमएम ५४०' बघायला गेलात तर बोनेटखाली बहुधा हेच भेटेल. म्हणून या प्रकरणात पेट्रोलच्या बाजूने हाय बोनेटचं २.२ लिटरचं इंजिन आणि डिझेलच्या बाजूने हे प्यूजो, अशी जोडी घेऊ. आकाराने दोन्ही जवळपास सारखीच, त्यामुळे तुलना न्याय्य होईल.

२. एकाला ठिणगी लागते, दुसऱ्याला नाही

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं. हवा दाबली की ती गरम होते. डिझेल इंजिन म्हणजे हीच गोष्ट टोकाला नेलेली.

सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यात कोंबायची. हवेचं तापमान काही शे अंशांवर जातं. मग नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत सोडायचा. तो त्या तापलेल्या हवेत आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने असं चालू इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला तयार केलं.

पेट्रोलची रीत वेगळी. तिथे हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत येतात आणि प्लगच्या ठिणगीने पेटतात. मिश्रण जास्त दाबलं तर ते ठिणगीची वाट न बघता पेटतं आणि इंजिन ठोके देतं. म्हणून जुन्या जीपमध्ये दाब साधारण सात पटीवर थांबवलेला असतो. सात आणि बावीस, एवढाच हा फरक. पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी याच्याच पोटातून निघतात. बावीस पट दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिन जाड ओतकामाचं आणि जड. जास्त दाबलेल्या वायूला फुगायला जास्त वाव मिळतो, म्हणून इंधनातली जास्त उष्णता कामी येते. आणि ठिणगीच नको, म्हणून कॉइल, डिस्ट्रिब्युटर, प्लग हा सगळा संसारच नाही.

३. 'ताकद' नेमकी कशाला म्हणायची?

मोट आठवा. आठवत नसेल तर घरातल्या आजोबांना विचारा. विहिरीतून बैल एका वेळी केवढी मोट ओढू शकतात, हा झाला टॉर्क. तासाभरात किती मोटा उपसल्या, ही झाली अश्वशक्ती. मोठी मोट सावकाश ओढा किंवा लहान मोट भराभर ओढा, तासाचं पाणी सारखंच भरेल. पण चिखलात रुतलेलं चाक फिरवायला मोट मोठी लागते. तिथे टॉर्क महत्त्वाचा.

हाय बोनेटच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सुमारे १५५ न्यूटन-मीटर. प्यूजो डिझेलचा, त्याच २,००० फेऱ्यांवर, सुमारे १२०.

हो, पेट्रोलचा जास्त आहे. अमेरिकी आकडा इंजिन सुटं ठेवून मोजलेला असल्यामुळे थोडा फुगलेला आहे, पण ते धरूनही डिझेल पुढे जात नाही. 'डिझेलला ताकद जास्त' ही समजूत टर्बो असलेल्या नव्या डिझेल गाड्यांची आहे. टर्बो हवा कोंबून भरतो, जास्त हवेत जास्त डिझेल जळतं आणि टॉर्क वाढतो. जुन्या, टर्बो नसलेल्या जीपला ती समजूत लावता येत नाही.

मग ही जीप डोंगर चढते कशाच्या जोरावर? गिअरच्या. हाय बोनेट जीपचा पहिला गिअर फेऱ्या सुमारे २.८ पट कमी करतो, लो रेशोचा दांडा टाकला की आणखी २.४६ पट, आणि एक्सलमध्ये ५.३८ पट. गुणाकार केला तर ३७. इंजिनाच्या ३७ फेऱ्यांमागे चाकाची एकच फेरी. फेऱ्या जितक्या पटीत घटतात तितक्या पटीत टॉर्क वाढतो. घर्षणात जाणारा वाटा सोडला तर १५५चे साडेपाच हजारांवर होतात, आणि १२०चेही साडेचार हजारांच्या आसपास. चाक फिरवायला दोन्ही भरपूर आहेत. अशा वेळी आधी हार मानतो तो टायर.

४. पाय काढला तरी चढणारी गाडी

ताकदीत डिझेल पुढे नसेल तर जुने चालक डिझेल जीपवर एवढा जीव का टाकतात? माझ्या मते याचं उत्तर एका छोट्या यंत्रणेत आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तिचं नाव गव्हर्नर.

ज्यांनी गावात पिठाची गिरणी किंवा विहिरीवरचं ऑइल इंजिन ऐकलंय त्यांच्या कानात हा आवाज असेल. जात्यात दाणे पडले की आवाज क्षणभर खाली बसतो आणि मग कोणी हात न लावता पुन्हा उठतो. दाणे संपले की पुन्हा शांत. इंजिनाच्या फेऱ्या घटल्या की गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो, वाढल्या की कमी करतो. डिझेल जीपच्या पंपातही हाच गव्हर्नर बसलेला असतो. तो तिथे हवाच, कारण डिझेल इंजिन बेलगाम सोडलं तर फेऱ्या वाढवत स्वतःला मोडून घेईल.

आता दगडगोट्यांची चढण घ्या. लो रेशो, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, ॲक्सिलरेटरवर पायच नाही. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर रेंगाळतंय. ७०० भागिले ३७, म्हणजे चाकाच्या सुमारे १९ फेऱ्या. जीपच्या चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर. मिनिटाला ४२ मीटर, ताशी अडीच किलोमीटर. लहान मुलाचा हात धरून चालावं तेवढा वेग. समोर दगड आला. पेट्रोल इंजिनाचा कार्ब्युरेटर त्या दगडाची दखल घेत नाही. पाय दिला तेवढंच पेट्रोल तो सोडणार. म्हणून चालकाला पायाने सतत खेळावं लागतं. पाय कमी पडला तर गाडी बंद पडते, जास्त पडला तर चाक दगडावरून उसळतं किंवा जागच्या जागी फिरून माती खणतं. डिझेलचा गव्हर्नर मात्र फेऱ्या खाली बसताच स्वतःहून डिझेल वाढवतो. आवाज जरा जड होतो, गाडी दगडावर चढते, उतरते, आवाज पुन्हा हलका. चालकाने फक्त स्टिअरिंग सांभाळायचं.

नवशिक्याला याचा फार आधार वाटतो. चढावर गाडी बंद पडून मागे घसरण्याची भीती ज्याने एकदा अनुभवली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

५. नाक दाबून पळणं

दुसरा फायदा खिशाला कळतो. पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवायचा तर हवेच्या वाटेवरची झडप अर्धवट मिटावी लागते, कारण हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणातच मिसळलं पाहिजे. म्हणजे इंजिन नाक दाबून श्वास ओढत राहतं आणि त्या ओढण्यातच इंधन जातं. साध्या डिझेल इंजिनात हवेला अडवणं नाही. हवा पूर्ण घ्यायची, डिझेल हवं तेवढंच सोडायचं. आडरानात बहुतेक वेळ इंजिन हळू आणि अर्ध्या भारावर चालतं, त्यामुळे हा फरक तिथेच सर्वांत जास्त जाणवतो. शिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा घट्ट. एका लिटरमध्ये उष्णता दहा-बारा टक्के जास्त भरते.

पण बचत होते म्हणून इंजिन बदलायला धावू नका. आधी वहीत हिशेब मांडा. समजा पेट्रोल जीप लिटरला ७ किलोमीटर जाते आणि डिझेल १२. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये धरू. शंभर किलोमीटरला पेट्रोलचे १,५०० रुपये, डिझेलचे सुमारे ७६७. किलोमीटरमागे सव्वासात रुपयांच्या वर वाचले. आता डिझेल इंजिन बसवून घ्यायला दीड लाख लागले असं समजू. ते वसूल व्हायला साडेवीस हजार किलोमीटर चालवावं लागेल. शेतावर रोज जीप वापरणारा, वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणारा शेतकरी दोन वर्षांच्या आत पैसे वसूल करतो. पावसाळ्यात चार-पाच रविवारी ताम्हिणीला जाऊन वर्षाला १,५०० किलोमीटर करणाऱ्याला तेरा-चौदा वर्षं लागतील. तुमच्या भागातले भाव आणि तुमचं एव्हरेज घालून हाच हिशेब पुन्हा करा. दोन भावांतलं अंतर आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले.

६. पाणी, उतरण आणि वैशाखातलं ऊन

ओढ्यात उतरल्यावर पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्युटर भिजला की गाडी मध्येच बंद पडते. जुन्या डिझेलला एकदा चालू झाल्यावर विजेची जवळजवळ गरजच नसते, त्यामुळे भिजण्यासारखं फारसं काही नाही. गाडी एका अंगावर कलली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका कडेला जातं आणि इंजिन गुदमरतं. डिझेल पंप बंद डब्यासारखा, त्याला कलण्याचं काही नाही. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते आणि गाडी थांबते. मग इंजिनाच्या इंधन पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. हे ओलं फडकं जुन्या चालकांच्या सीटखाली कायम असायचं. डिझेल इतक्या सहज उकळत नाही.

मात्र पाण्याबाबत एक गोष्ट डिझेलवाल्यांना कळकळीने सांगायची आहे. डिझेल बंद पडत नाही म्हणून खोल पाण्यात घुसू नका. प्यूजोच्या एका सिलिंडरचा आकार ५२८ सीसी. बावीस पट दाब म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम २५ सीसी, चहाचे पाच चमचे. हवेच्या वाटेने यापेक्षा जास्त पाणी आत गेलं तर पिस्टनला वर यायला जागाच उरत नाही. पाणी दबत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनात ही जागा ९० सीसीच्या आसपास असते, आणि बहुतेकदा ठिणगी आधीच विझल्यामुळे इंजिन तोवर थांबलेलं असतं. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी एअर फिल्टरचं तोंड किती उंचावर आहे ते बघा. ती तुमची खरी हद्द. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. ओढून बाहेर काढा आणि नोझल किंवा गार इंजिन तापवणारे हीटर प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्या.

डिझेलची आणखी एक खोड म्हणजे टाकी पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते. नंतर डिझेल ओतलं तरी गाडी चालू होत नाही. हातपंप मारून हवा काढावी लागते. हे काम मेकॅनिककडून एकदा शिकून घ्या, दहा मिनिटांचं आहे.

७. इंजिन बदललेली जीप

कारखान्यातून डिझेल म्हणूनच निघालेली जीप आणि नंतर कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेली जीप, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जाहिरातीत दोन्हींवर 'डिझेल' एवढंच लिहिलेलं असतं.

डिझेल इंजिन जड. मूळ पेट्रोल जीपचे पुढचे पाटे त्या वजनासाठी बनवलेले नाहीत. नाक खाली बसतं, स्टिअरिंग जड होतं आणि चिखलात पुढची चाकं आधी रुततात. डिझेलचे धक्केही कडक, ते क्लच प्लेट आणि गिअर पेटी सोसते. रेडिएटर आणि इंजिनाची माउंटिंग्ज बदललेली असायला हवीत.

आणि वेग? समजा ट्रॅक्टरचं इंजिन बसवलंय आणि ते २,००० फेऱ्यांच्या वर जात नाही. टॉप गिअरमध्ये एक्सलचे ५.३८ तेवढे उरतात. २,००० भागिले ५.३८ म्हणजे ३७२, गुणिले २.२ मीटर, म्हणजे ताशी ४९ किलोमीटर. शेतावर पुरेसं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर मागचे ट्रक हॉर्न वाजवून जीव काढतील. अशा जीपचे एक्सलचे गिअर बदललेत का, हे विचाराच.

त्याआधी कागद. आरसी बुकावर इंधन 'पेट्रोल' आणि बोनेटखाली डिझेल, अशा जीप बाजारात कमी नाहीत. इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः जुळवून बघा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. कागद जुळत नसतील तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडा. अपघात झाला तर विम्याची कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. दिल्लीकडे बदली होण्याची शक्यता असेल तर दहा वर्षांपुढच्या डिझेलवरचे तिथले निर्बंधही आधी समजून घ्या.

८. पेट्रोल कोणी घ्यावं?

ज्याला हलकी गाडी हवी आहे त्याने. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी पेट्रोलवरच चालली, आणि चिखलात तिला मागे टाकणं अवघड, कारण तिचं वजन टनाच्या आसपास. इंजिन लहान असलं तरी ओझंही लहान. हिमालयात जाणाऱ्यांनाही पेट्रोल सोयीचं, कारण कडाक्याच्या थंडीत साधं डिझेल घट्ट होऊन नळीत अडतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते २०१९ मध्ये. आणि ज्याची जीप महिन्यातून एकदाच बाहेर पडते, ज्याला शांतता आवडते, ज्याला मूळ हाय बोनेट मूळ रूपात जपायची आहे, त्याने पेट्रोलच ठेवावं. फक्त आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीच्या इंधन पंपाचा पडदा त्याने खराब होतो, तेवढे बदलून घ्या.

९. गार इंजिनाची परीक्षा

डिझेल घ्यायचं ठरलं तर धुराकडे बघायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप किंवा एअर फिल्टर बघावा लागेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजलेत. गार असताना थोडा पांढरा चालतो. तापल्यावरही राहिला तर दाब कमी झालाय किंवा पाणी आत जातंय. काळ्या धुराकडे दुर्लक्ष करून 'जुनं डिझेल आहे, चालायचंच' म्हणणारे मालक भेटतील. त्यांचं ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि जीपच्या मागच्या बाकावर तुमचीच मुलं बसणार आहेत. नीट जुळवलेलं जुनं इंजिन बराच कमी धूर सोडतं.

झिजलेलं डिझेल इंजिन गरम असताना सहज चालू होतं आणि आपलं दुखणं लपवतं. गार असताना त्याला ते लपवता येत नाही, कारण दाब कमी झाला की हवा पुरेशी तापत नाही. म्हणून मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, "सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका." गेल्यावर बोनेट उघडा आणि इंजिनाच्या हेडला तळहात लावा. ते गार लागलं पाहिजे. मग हीटरची किल्ली पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा, सेल्फ मारा, आणि किती फेऱ्यांत पकडतं ते मोजा.